रान राखू तर झरा राहील

ज्या ओहोळात ईस्टर होऊन गेल्यावरही गुरे पाणी पीत असत, तो आता उपवासकाळ संपायच्या आतच कोरडा पडतो, असे आमच्या डोंगराकडच्या वाड्यांतून पुष्कळदा ऐकू येते. तोच ओहोळ पावसाळ्यात एका रात्रीत बांध फोडतो आणि भाताच्या खाचरात वाळू आणून टाकतो. पाऊस कमी झाला म्हणावे, तर पूर येतो. जास्त झाला म्हणावे, तर मार्चमध्ये घागर भरत नाही. वाचक विचारतात, हे झाले तरी काय?

ह्याचे उत्तर शेतात सापडणार नाही. ओहोळ जिथून येतो त्या डोंगरावर, सह्याद्रीच्या रानात ते शोधले पाहिजे. खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी ही नावे तीन राज्यांत वाटली गेली असली तरी रान एकच आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळते. भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत गोव्यात मांडवी होते. ह्या रानाला आज काय होत आहे, आणि त्यात आपला हात किती आहे, ह्याविषयी आम्हांस जे वाटते ते आज स्पष्टपणे मांडतो. काही वाचकांना ते कडू लागेल, पण सांगणे भाग आहे.

उष्णता वाढली की डोंगर काय करतो

कोळसा आणि तेल जाळून माणसाने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढवला. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते, ते आज ४२० च्या वर गेले आहेत. त्यामुळे पृथ्वी तापत आहे. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. आपल्या देशात १९०१ ते २०१८ ह्या काळात सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हा आकडा लहान दिसतो. पण अंगात एक अंश ताप वाढला की माणसाची काय अवस्था होते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

डोंगर चढताना दर शंभर मीटरला हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते. म्हणजे हवा एक अंशाने तापली, तर पूर्वीचाच थंडावा मिळण्यासाठी झाडाला सुमारे दीडशे मीटर वर जावे लागेल. झाड चालत नाही, पण त्याचे बी चालते. वारा, पाखरे, वटवाघळे बी वर नेतात. वर रुजलेले जगते, खालचे म्हातारे झाड मरते, आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या रान वर सरकते. युरोपातील ३०२ पर्वतशिखरांवरच्या वनस्पतींच्या जुन्या-नव्या नोंदी शास्त्रज्ञांनी ताडून पाहिल्या आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो असा की, खालच्या वनस्पती शिखरांवर चढत आहेत आणि त्यांची चढण्याची गती वाढत आहे. आपल्याकडे हिमाचलात सफरचंदाला पुरेशी थंडी मिळेना म्हणून खालच्या कुलूतील बागा मागे पडल्या, आणि किन्नौर, लाहौलसारख्या उंच भागांत लागवड वाढली. शेतकऱ्याने फळबाग वर नेली, रानाला हेच काम स्वतःचे स्वतः करावे लागते.

आता आपल्या सह्याद्रीकडे पाहा. चोर्ल्याचा घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर, आणि आजूबाजूची उंचातली उंच शिखरे हजार-अकराशे मीटर. हिमालयासारखे वर सरकत जायला येथे अंतरच नाही. शिवाय माथ्यावर बहुतेक ठिकाणी जांभ्या दगडाचा सडा आहे. तेथे माती बोटभर, गवत उगवते, पण मोठे झाड धरत नाही. म्हणजे आपल्या रानाला वर जायला जागा नाही. जेथे उभे आहे तेथेच त्याला टिकायचे आहे.

पावसापेक्षा उन्हाळा महत्त्वाचा

पुष्कळांची समजूत अशी की, भरपूर पाऊस पडतो म्हणून आपले रान हिरवे राहते. हे अर्धेच खरे आहे. कणकुंबी, आमगावच्या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटरने मोजतात. बेळगाव शहरापर्यंत येईतो तो बाराशे-तेराशेवर उतरतो. पण केरळातील रानात आणि आपल्या रानात मोठा फरक आहे. तिकडे कोरडे महिने दोन-तीन, आपल्याकडे सहा-सात. म्हणजे जांभूळ, अंजनी, भिरंड, रानजायफळ अशी सदाहरित झाडे आपल्याकडे सोसण्याच्या अगदी कडेवर उभी आहेत. पावसाळ्यात मिळालेले पाणी अर्धे वर्ष पुरवून ती जगतात.

हे पाणी साठते कोठे? जमिनीवरच्या पालापाचोळ्यात आणि त्याखालच्या काळ्या, भुसभुशीत मातीत. झाडाच्या सावलीमुळे ती वाळत नाही, मुळांमुळे वाहून जात नाही. वरून पडलेला पाऊस पाचोळ्यावर थबकतो, हळूहळू मुरतो आणि खाली झऱ्यातून महिनोन्‌महिने पाझरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील डोंगरांवर शास्त्रज्ञांनी पाणी मुरण्याचा वेग प्रत्यक्ष मोजून पाहिला, त्यात राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या बेळगाव केंद्राचाही सहभाग होता. दाट रानाच्या मातीत पाणी भरभर मुरते, आणि तोडून, तुडवून उघड्या पडलेल्या जमिनीत ते मुरत नाही, वरून धावते, असे त्यात दिसले.

आता आरंभीचे कोडे सुटते. हवा तापली की ती अधिक बाष्प धरते, आणि पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ ह्या काळात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या, असे हवामानशास्त्रज्ञांना आढळले. आपणही २०१९ च्या ऑगस्टमधला बेळगाव जिल्ह्याचा पूर आणि २०२१ च्या जुलैमधला सत्तरीचा पूर विसरलेलो नाही. इतके पाणी एकदम आले आणि खाली पाचोळा नसला, तर ते उतारावरून मातीसकट धावत सुटते. झऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. पावसाळ्यातला पूर आणि मार्चमधला कोरडा ओहोळ हे एकाच दुखण्याचे दोन ताप आहेत.

फणसाची आठळ काय सांगते

दुसरी गोष्ट बियांची. भात, नाचणी, कुळीथ ही वाळवून कणगीत ठेवता येतात आणि वर्षाने पेरली तरी उगवतात. पण फणसाची आठळ वाळवून ठेवून कोणी पेरली आहे काय? ती ओली असतानाच लावावी लागते, वाळली की मेली. जांभूळ, भिरंड आणि सदाहरित रानातील पुष्कळ झाडांचे बी ह्याच जातीचे आहे. जांभळे मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर गळतात, ही निसर्गाची योजना आहे. बी पडले की चार दिवसांत पाऊस यावा आणि ते रुजावे.

पाऊस पंधरा-वीस दिवस लांबला तर? जमिनीवर पाचोळ्याचा थर असेल, वर सावली असेल, तर बी ओलाव्याला धरून काही दिवस तग धरते. पाचोळा जळून गेला असेल, तर उघड्या तापल्या मातीवर ते वाळून जाते. गेल्या दोन-तीन वर्षांची गुडघाभर रोपे आगीत आधीच गेलेली असतात. वरून पाहणाऱ्याला रान हिरवे दिसते, कारण म्हातारी झाडे उभी असतात. पण ज्या घरात म्हातारेच राहिले आणि मूल नाही, त्या घराचे पुढे काय होणार हे सांगायला नको. जाड सालीचे ऐन, किंदळ थोडे सोसतात. मोकळ्या जागेत मग रानमोडी आणि घाणेरी शिरते. ती उन्हाळ्यात वाळते आणि पुढच्या आगीला सरपण होते. असे दोन-चारदा झाले की सदाहरित रानाचे झुडुप होते.

काडी कोणाच्या हातात आहे

दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने २०२३ चा फेब्रुवारी हा आपल्या देशातील १९०१ पासून तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. त्यानंतर लगेच मार्चच्या पहिल्या आठवड्यात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या. एक विझवावी तो दुसरीकडे धूर, असे कित्येक दिवस चालले. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आणावी लागली. एरवी ज्या रानात आग शिरतच नाही, तेथे ती पसरली.

उष्णतेने रान वाळवले, हे खरे. पण उष्णता काडी ओढत नाही. सह्याद्रीत आपोआप आग लागणे जवळजवळ नाहीच. कोणी काजूखालचे रान साफ करायला पेटवतो, कोणी कोवळे गवत यावे म्हणून सडा जाळतो, कोणी शिकारीसाठी, कोणी विडीचे थोटूक टाकून देतो. वाचकहो, हे सारे करणारे परके लोक नाहीत. ते आपल्यातलेच आहेत, आणि त्यांत आपल्या धर्मग्रामातले काजूवालेही आहेत. आम्ही स्वतः काजूच्या बागेत वाढलो आहोत आणि लहानपणी पाचोळ्याचे ढीग आनंदाने पेटवले आहेत. त्या काळी फेब्रुवारीत रानाच्या आत ओल असे, आग कडेला येऊन आपोआप मरत असे. आज ती मरत नाही. तेव्हा जे चालून गेले ते आज चालणार नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला असा की, हवा तापवली शहरांनी आणि कारखान्यांनी, मग शहाणपण डोंगरातल्या गरिबाला का शिकवता? रस्ते रुंद करताना झाडे पडतात, विजेच्या वाहिन्या आणि रेल्वेमार्ग अभयारण्यातून न्यायचे ठरते, तेव्हा कोणी विचारीत नाही. हे खरेच आहे. मोले येथील रेल्वेच्या दुपदरीकरणाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात रद्द ठरवली, ती लोकांनी आवाज उठवल्यामुळेच. डॉ. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली आपल्या अहवालात हेच सांगितले होते की, पश्चिम घाटाविषयीचे निर्णय ग्रामसभांना विचारून घ्यावेत. तो अहवाल बाजूला पडला. त्यानंतर २०२१ साली तळिये आणि २०२४ साली वायनाड येथे डोंगर कोसळून गावेच्या गावे गाडली गेली. ह्या प्रश्नांवर आपण ग्रामसभेत बोललेच पाहिजे. पण दुसऱ्याने घर पेटवले म्हणून आपण आपला गोठा पेटवावा, हा न्याय नव्हे. शिवाय आटतो तो ओहोळ आपला आहे, शहराचा नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. रान साफ केल्याशिवाय काजू वेचता येत नाही, मजुरी परवडत नाही, आणि काडी फुकट मिळते. हाही खरा आहे. पण हिशेब पुरा मांडावा. जाळलेल्या बागेत माती उघडी पडते, मुळे भाजतात, पहिल्या वळवात कस वाहून जातो. मोहोरावर येणाऱ्या मधमाश्या रानातल्या ढोलीत राहतात, त्यांचीही घरे जळतात. काजूचा मोहोर आधीच ढगाळ हवेने आणि ढेकण्या किडीने त्रस्त आहे, त्यात ही भर कशाला?

माकडतापाची गोष्ट

हे पान आरोग्याचेही आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. बरीच वर्षे तो त्याच बाजूला होता. २०१५ साली तो सत्तरीतील पाली गावात आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आला. हा रोग रानातील गोचिडीच्या चावण्याने होतो. गोचिडी माकडांवर असतात. माकड मरून पडले की त्या खाली पाचोळ्यात उतरतात आणि काजू वेचणाऱ्या, लाकडे आणणाऱ्या माणसाला चावतात.

केवळ उष्णतेमुळे हा रोग आला असे नाही. रान जेथे तुकड्यातुकड्यांनी तुटते, आणि बाग, गुरे, माकडे व माणसे एकाच कडेवर दाटीने येतात, तेथे त्याचा धोका वाढतो. म्हणजे रान मोडल्याची किंमत झऱ्यातच नव्हे, अंगावरही चुकवावी लागते. डिसेंबर ते मे हा जपण्याचा काळ. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ कपडे घालावेत. आरोग्य केंद्रात मिळणारे डेपा तेल उघड्या अंगाला लावावे. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि साबणाने आंघोळ करावी. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले, तर घरी गोळ्या घेत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा आणि रानात गेल्याचे डॉक्टरांना सांगावे. हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, म्हणून आजाऱ्याला टाकू नये.

आपण काय करावे

आमच्या मते चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, जानेवारीपासून पाऊस लागेपर्यंत डोंगरउतारावर काडी ओढायची नाही. काजूखालचे गवत आणि रानमोडी, बी धरण्याआधी, कोयत्याने कापावी आणि झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावी. खोडापासून हातभर जागा मोकळी ठेवावी. पहिल्या वर्षी मजुरी जास्त लागेल. पण आच्छादनाने ओल टिकते, तण कमी होते, आणि पुढच्या वर्षांत काम हलके होते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकमेकांच्या बागेत पाळीपाळीने काम केले, तर रोख पैसा कमी लागतो. बागेच्या आणि रानाच्या मधे पाच-सहा हात रुंदीचा पट्टा झाडून स्वच्छ ठेवावा, म्हणजे दुसऱ्याची आग आपल्याकडे येत नाही.

दुसरी, भाताच्या रोपासाठी राब जाळण्याची चाल. ती एकदम सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण राबासाठी रानातल्या झाडांचे टहाळ तोडणे तरी थांबवावे. ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांनी एका वाफ्यात कुजलेले शेणखत घालून गादीवाफ्यावर रोप करून पाहावे. जे जाळतील त्यांनी वाऱ्याच्या वेळी जाळू नये, भोवतीचा पाचोळा आधी ओढून घ्यावा आणि राख थंड होईपर्यंत जागेवरून हलू नये.

तिसरी, ओहोळाच्या दोन्ही काठांची झाडे सोडून द्यावीत. तेथे काजूही नको आणि केळही नको. बांबर येथील निरंकाराच्या राईत रानजायफळाची जुनी, पाणथळ झाडी आजही उभी आहे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या तेथे कुऱ्हाड नेली नाही, म्हणून ती राहिली. ती ज्या श्रद्धेने राखली ती आपली नसेल, पण राखण्याची शिस्त आपणही घ्यावी. आणि मोकळ्या जागी झाडे लावायची तर अकेशियाची एकसारखी रांग लावून रान झाले असे समजू नये. जांभूळ, भिरंड, किंदळ, ऐन ह्यांची रोपे मुलांकडून पिशवीत करून घ्यावीत. बी ताजे असतानाच लावावे, हे विसरू नये.

चौथी, राखण. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र गावांच्या ग्रामसभांना आपले सामूहिक रान राखण्याचा अधिकार दिला आहे. तो कागद मिळेल तेव्हा मिळो. पण धूर दिसला की कोणी कोणाला सांगायचे आणि कोण धावायचे, हे ठरवायला कागद लागत नाही.

म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्ये वर्षानुवर्षे भांडली. २०१८ साली लवादाने वाटे ठरवले: गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट. तेही वाद अजून मिटलेले नाहीत. पण ज्या रानातून हे पाणी निघते ते राखण्याचे वाटे कोणी मागितले नाहीत. ते काम उगमापाशी राहणाऱ्यांनाच, म्हणजे आपल्याला, करावे लागणार आहे.

म्हणून आमची एक सूचना आहे. नाताळ आटोपला की, काजूची साफसफाई सुरू होण्याआधी, एका रविवारी मिस्सानंतर प्रत्येक वाडीतील दोन-दोन माणसांनी अर्धा तास बसावे. बरोबर शेजारच्या गावातील इतर धर्मांच्या शेतकऱ्यांनाही बोलवावे, कारण आग कोणाची जात-धर्म विचारीत नाही. कोणत्या उतारावर कोणाची बाग आहे, कोणाचे गवत कधी कापायचे आणि कोणी राखण करायची, एवढेच ठरवावे. जगाची हवा आपण एकटे थंड करू शकणार नाही. पण आपल्या ओहोळावरच्या उतारावर यंदा काडी पडणार नाही, एवढे आपण नक्की करू शकतो.